समुद्राच्या पाण्यावर चालणारी बॅटरी: मॅग्नेशियम ॲनोडच्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी

आधी काम काय ते. पाण्यात पडली की आपोआप चालू होणारी बॅटरी, तीन सेल सिरीजमध्ये, २०० मिलिअँप, आठ तास. एक पांढरा एलईडी पेटवायचा आहे, बस. आठ तास हा आकडा उगाच नाही धरलेला, लाइफजॅकेटवरच्या दिव्याला सोलासच्या (समुद्रावरच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) नियमात किमान ०.७५ कँडेला (उजेडाचं माप) आणि किमान आठ तास अशी अट आहे, तेवढं जमलं तर बाकी बहुतेक ठिकाणी चालेलच. ॲनोड (झिजून करंट देणारी प्लेट) मॅग्नेशियमचा, कॅथोड (समोरची प्लेट) क्युप्रस क्लोराइडचा, म्हणजे तांब्याच्या एका क्षाराचा. सिल्व्हर क्लोराइड जास्त चांगलं हे मलाही माहितीये, मार्क ४४ आणि स्टिंग रे टॉर्पेडोत तेच आहे, पण टॉर्पेडो बनवणाऱ्यांचं बजेट आणि आपलं बजेट यात फरक आहे.

नोंदी मात्र मुख्यतः ॲनोडच्या. कॅथोडबद्दल वाचायला भरपूर मिळतं आणि मॅग्नेशियमच्या पत्र्याबद्दल "कापा आणि लावा" एवढंच. माझा निम्म्याहून जास्त वेळ त्या पत्र्यातच गेला, म्हणून हे लिहून ठेवतोय.

कागदावरचा हिशोब: मॅग्नेशियम ग्रॅमला साधारण २.२ अँपिअर-तास देतं. आपल्याला हवेत १.६ अँपिअर-तास, म्हणजे सेलमागे ०.७३ ग्रॅम. क्युप्रस क्लोराइड ग्रॅमला ०.२७ देतं, म्हणजे सेलमागे ६ ग्रॅम, मी ९ धरतोय. ॲनोड ५ बाय ८ सेंमीचा, १ मिमी जाड धरला तर वजन ७ ग्रॅम, गरजेच्या जवळपास दहापट. म्हणजे कागदावर ॲनोडचा काही प्रश्नच नाही.

९ जानेवारी

माल आला, सगळे मॅग्नेशियमचे मिश्रधातू. एझेड३१ चा १ मिमी पत्रा (३ टक्के ॲल्युमिनियम, १ टक्का झिंक), एझेड६१ चा दीड मिमी पत्रा (ॲल्युमिनियम ६ टक्के), एझेड६३ चा एक ओतीव ठोकळा, जो पाइपलाइन गंजू नये म्हणून जमिनीत पुरतात त्यातला, आणि एपी६५ चा हातभर नाही, बोटभर तुकडा. एपी६५ मध्ये ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ५ टक्के शिसं. थॅलियमवाला एमटीए७५ किंवा पाऱ्याचे मिश्रधातू यांच्या नादी लागलो नाही आणि कुणी लागू पण नका, व्होल्टेज थोडं जास्त मिळतं पण ते विष कुठे टाकणार आहात.

ठोकळा सगळ्यात स्वस्त पडला, पण त्यातून पातळ चकत्या कापणं हा शुद्ध छळ आहे. करवतीचा भुसा बारीक पडतो आणि तो पेटतो. कोरडाच कापा, सावकाश कापा, भुसा मधूनमधून गोळा करून बाजूला ठेवा आणि हाताशी कोरडी वाळू ठेवा. पाणी नाही, सीओटू वाला सिलिंडर पण नाही, पेटलेलं मॅग्नेशियम दोन्हीला दाद देत नाही, उलट आणखी भडकतं.

११ जानेवारी

पूर्ण सेल करायच्या आधी नुसता ॲनोड तपासायचं ठरवलं. प्रत्येक तुकड्याची एका बाजूची १० चौ. सेंमी जागा उघडी, बाकी सगळं इपॉक्सीने बंद. समोर ग्रॅफाइटची पट्टी. रेफरन्ससाठी (जिच्या तुलनेत ॲनोडचं पोटेन्शियल, म्हणजे व्होल्टेज, मोजायचं) चांदीची तार घरगुती ब्लीचमध्ये बुडवून ठेवली, तिच्यावर करडा-जांभळा थर चढला की सिल्व्हर क्लोराइड झालं, अशी तार थेट समुद्राच्या पाण्यात चालते. ॲनोडच्या वर फनेल उलटं आणि त्यावर पाण्याने भरलेली ब्युरेट (खुणा असलेली काचेची नळी) उलटी, म्हणजे निघालेला हायड्रोजन मोजता येतो. वजनकाटा १ मिलिग्रॅमचा.

ब्युरेट कंटाळवाणी वाटते पण तीच सगळ्यात कामाची. १ ग्रॅम मॅग्नेशियम नुसतं गंजून फुकट गेलं तर साधारण १ लिटर हायड्रोजन निघतो. लक्षात ठेवायला यापेक्षा सोपा आकडा नाही.

१४ जानेवारी

लोड न लावता पोटेन्शियल, समुद्राच्या पाण्यात, सिल्व्हर क्लोराइडच्या तारेच्या तुलनेत: एझेड३१ उणे १.६०, एझेड६१ उणे १.५८, एझेड६३ उणे १.५७, एपी६५ उणे १.६६ व्होल्ट.

एपी६५ सोडला तर सगळे सारखेच. मल्टिमीटर लावून "वा, सेल चांगला आहे" म्हणायची सवय असेल तर ती इथे सोडा. या आकड्यांवरून मिश्रधातूबद्दल काहीही कळत नाही, हे चारही तुकडे पुढे फार वेगवेगळे वागले.

ठोकळ्यातला तुकडा लोड नसतानाच खदखदत होता. एझेड६१ वर मात्र अधूनमधून एखादा बुडबुडा.

१५ जानेवारी

विचित्र प्रकार. काल शांत बसलेला एझेड६१ आज ठोकळ्याइतकाच खदखदतोय, तोच पत्रा, तेच पाणी. फरक एवढाच की रात्री स्टीलच्या तारेच्या ब्रशने घासून ठेवला होता.

लोखंडाचे कण पत्र्यात रुतून बसतात आणि प्रत्येक कण म्हणजे एक छोटा कॅथोड, त्यावर हायड्रोजन सुटत राहतो. मॅग्नेशियमला लोखंड किती चालतं याचं मोजमाप डाऊ कंपनीच्या हॅनवॉल्ट, नेल्सन आणि पेलूबे यांनी १९४२ मध्ये छापलं होतं: शुद्ध मॅग्नेशियममध्ये लोखंड १७० पीपीएमच्या (दहा लाखांत १७० भाग) वर गेलं की गंजण्याचा वेग एकदम चढतो, निकेलला तर ५ पीपीएम पण जास्त होतात. म्हणून या मिश्रधातूंत थोडं मँगेनीज घालतात, ते लोखंडाला सोबत घेऊन वितळलेल्या धातूच्या तळाशी बसतं आणि उरलेल्याचा उपद्रव पण कमी करतं. एवढा खटाटोप करून कारखान्यात स्वच्छ केलेला पत्रा आपण स्टीलच्या ब्रशने पुन्हा घाण करायचा, याला काय म्हणायचं.

उपाय: नवीन सिलिकॉन कार्बाइड पेपर, जो आधी लोखंडावर वापरलेला नाही, आणि मग पिकलिंग. साधारण २० टक्के ॲसिटिक ॲसिड, त्यात लिटरला ५० ग्रॅम सोडियम नायट्रेट, अर्धा मिनिट बुडवायचं, खिडक्या उघड्या ठेवून. पत्र्याची वरची कातडी निघते आणि रुतलेले कण तिच्यासोबत जातात. परत पाण्यात सोडला, शांत. यापुढे प्रत्येक तुकडा पिकल केल्याशिवाय टेस्टला लावायचा नाही.

ठोकळ्यातला तुकडा पण पिकल केला. थोडा सुधारला, पण खदखद गेली नाही, म्हणजे त्याची घाण आतली आहे.

१९ जानेवारी

डिस्चार्जचे आकडे. सगळीकडे चार्ज सारखाच ठेवला, ०.२ अँपिअर-तास, म्हणजे मॅग्नेशियम खरं तर ९१ मिलिग्रॅम जायला हवं. प्रत्यक्षात किती गेलं ते बघा.

५ मिलिअँप प्रति चौ. सेंमी, चार तास: एझेड३१ चं १६५ मिलिग्रॅम गेलं (कार्यक्षमता ५५ टक्के), एझेड६१ चं १५१ (६० टक्के), एझेड६३ चं १९० (४८ टक्के).

२० मिलिअँप प्रति चौ. सेंमी, एक तास: एझेड३१ चं १४५ (६३ टक्के), एझेड६१ चं १३२ (६९ टक्के).

१ मिलिअँप प्रति चौ. सेंमी, वीस तास चालवून: एझेड३१ चं तब्बल २२० मिलिग्रॅम, ४१ टक्के.

म्हणजे जितका हळू वापराल तितकं जास्त फुकट. इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. साध्या धातूत करंट वाढवला की हायड्रोजन कमी व्हायला हवा, मॅग्नेशियममध्ये तो वाढतो, याला निगेटिव्ह डिफरन्स इफेक्ट म्हणतात. पण करंट त्याहून जास्त वाढतो, म्हणून टक्केवारी सुधारते. उलट हळू डिस्चार्जमध्ये पत्रा तासन् तास पाण्यात बसून स्वतःलाच खात राहतो आणि त्यातलं आपल्याला काही मिळत नाही.

याचा सरळ परिणाम: ५ बाय ८ चा ॲनोड रद्द. दोन्ही बाजू धरल्या तर त्यावर २.५ मिलिअँप प्रति चौ. सेंमीच पडत होते. आता ४ बाय ५, दोन्ही बाजूंना कॅथोड, म्हणजे बरोबर ५ पडतात. "मोठी प्लेट म्हणजे जास्त चालेल" हे लेड-ॲसिडवरून डोक्यात बसलेलं असतं, इथे मोठी प्लेट म्हणजे जास्त गाळ.

ब्युरेटचा ताळा: एझेड३१ मध्ये ७४ मिलिग्रॅम फुकट गेलं, म्हणजे ७५ मिली गॅस हवा, मिळाला ६८. उरलेल्याचं उत्तर भांड्याच्या तळाशी, गाळात काळे चमकणारे बारीक कण होते. आजूबाजूचा धातू विरघळला की मधला कण सुटून पडतो, करंट न देताच. नुसतं गॅसवर विसंबलं तर कार्यक्षमता आहे त्यापेक्षा बरी दिसते, म्हणून वजन आणि गॅस दोन्ही.

वजन करताना पांढरा थर काढायला पुस्तकी पद्धत म्हणजे क्रोमिक ॲसिड आणि थोडं सिल्व्हर नायट्रेट. हेक्साव्हॅलंट क्रोमियम कॅन्सर करतं, आपल्याला तेवढी अचूकता नको आहे. गरम पाणी, नायलॉनचा ब्रश, अल्कोहोल, वाळवणं. दोन-चार मिलिग्रॅम इकडेतिकडे, चालतंय.

२२ जानेवारी

एझेड६१ वर शिक्का. एझेड३१ चा पत्रा सहज मिळतो आणि स्वस्त आहे, पण २० मिलिअँपला त्याचं पोटेन्शियल तासाभरात उणे १.४७ वरून उणे १.३८ वर घसरलं, कारण थर अंगाला चिकटून राहतो. एझेड६१ चा थर सुटून खाली पडतो, तो उणे १.४६ च्या आसपास जवळजवळ हलला नाही. एपी६५ व्होल्टेजला खरंच छान, त्याच करंटला उणे १.५८, पण शिशाचा गाळ कुठे टाकायचा हा प्रश्न आणि पत्राही सहज मिळत नाही. ठोकळा बाद, म्हणजे कापण्यात गेलेला वेळ पाण्यात.

आणखी एक, टेस्ट साध्या मिठाच्या पाण्यात करू नका. ३.५ टक्के मिठाच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी (वीज वाहू देण्याची क्षमता) समुद्राच्या पाण्याजवळच असते म्हणून सगळे तेच वापरतात, पण समुद्रात मुळातच किलोला १.३ ग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतं, ०.४ ग्रॅम कॅल्शियम, शिवाय सल्फेट आणि बायकार्बोनेट. थर वेगळा बसतो, गाळ वेगळा पडतो. समुद्राचं पाणी मिळत नसेल तर एएसटीएम डी११४१ या मानकात कृत्रिम समुद्राच्या पाण्याची कृती दिलेली आहे, ती वापरा.

२ फेब्रुवारी

पहिला पूर्ण सेल. मध्ये ॲनोड, दोन्हीकडे तांब्याच्या जाळीवर दाबलेलं क्युप्रस क्लोराइड आणि ग्रॅफाइट पावडर, अंतर २ मिमी.

पावडर पांढरी हवी. हिरवट झाक आली असेल तर हवेतल्या ओलाव्याने ती बिघडली आहे. चिमूटभर सोडियम सल्फाइट घातलेल्या पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुवा, मग अल्कोहोलने, आणि लगेच सिलिका जेलसोबत बंद करा.

पाणी घातलं, १.३ व्होल्ट लगेच. मग लोड काढून ठेवला, कारण वायर जोडायच्या होत्या. परत आलो तर ॲनोडवर काळे-तांबूस ठिपके आणि प्रत्येक ठिपक्यातून बुडबुड्यांची माळ.

क्युप्रस क्लोराइड साध्या पाण्यात फारसं विरघळत नाही पण क्लोराइड भरपूर असलेल्या पाण्यात थोडं विरघळतं, आणि ते तांबं थेट मॅग्नेशियमवर जाऊन बसतं. एकदा बसलं की तो प्रत्येक ठिपका लोखंडाच्या कणासारखाच वागतो. पिकलिंग, स्वच्छ पेपर, सगळ्यावर पाणी फिरलं.

दोन गोष्टी बदलल्या. कॅथोडला पॉलिप्रॉपिलीनच्या न विणलेल्या कापडाची पिशवी. आणि दुसरी जास्त महत्त्वाची: सेल पाण्यात असताना लोडशिवाय राहताच कामा नये. स्विच नको. पाणी आत आलं की दिवा पेटलाच पाहिजे, कायमचा जोडलेला. लोडवर असताना क्युप्रस क्लोराइडचं जागेवरच तांबं होतं आणि पाण्यात सुटायला कमी उरतं. ठिपके पूर्ण गेले नाहीत, पण आता एखाद-दुसरे, ते पण पिशवीच्या शिवणीजवळ.

८ फेब्रुवारी

सेल तिसऱ्या तासाला बसला. १.२८ वरून १.०५ व्होल्ट, आणि मग सरळ खाली.

उघडला तर २ मिमीची फट पांढऱ्या घट्ट गाळाने ठासून भरलेली. आमच्या लॅबमधला मित्र बघून म्हणाला, "अरे, बॅटरी करतोयस का दही लावतोयस?" खरंच तसं दिसत होतं. हिशोब केला तर आश्चर्य नाही, आठ तासांत जाणाऱ्या १.३ ग्रॅम मॅग्नेशियमचं कोरडं हायड्रॉक्साइड ३.१ ग्रॅम होतं, पण पाण्यात ते कोरडं कुठे असतं, फुगून कितीतरी जास्त जागा खातं. बुडबुडे त्यात अडकतात, अडकलेला बुडबुडा म्हणजे तेवढी प्लेट बंद, उरलेल्या प्लेटवर करंट जास्त, असं सगळं साखळीने.

मी अंतर कमी का ठेवलं होतं, तर पाण्याचा रेझिस्टन्स नको म्हणून. तो हिशोब आधी करायला हवा होता. समुद्राच्या पाण्याची रेझिस्टिव्हिटी साधारण १९ ओहम-सेंमी. २ मिमी जास्त अंतर म्हणजे ०.२ गुणिले १९, ३.८, त्याला ५ मिलिअँपने गुणा, १९ मिलिव्होल्ट. फक्त १९ मिलिव्होल्ट वाचवायला मी अख्खा सेल गाळात घातला. टॉर्पेडोची गोष्ट वेगळी, तिथे करंट प्रचंड असतो म्हणून अंतर कमी ठेवावंच लागतं आणि गाळ पाणी खेळवून बाहेर ढकलतात. आपल्याकडे पंप नाही, गाळ स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे.

नवं अंतर ४ मिमी. मध्ये पट्ट्या न लावता काचेचे मणी, ॲनोडला चिकटवलेले, कारण आडव्या पट्टीवर गाळ साचतो आणि मण्यावरून घसरतो. प्लेटच्या खाली ३ सेंमी रिकामी जागा, गाळ साठायला. प्लेटा उभ्याच, आडव्या बिलकुल नाही.

९ फेब्रुवारी

पूर्ण आठ तास चालला, एकटा सेल. शेवटी १.२१ व्होल्ट. तळाची जागा गळ्यापर्यंत भरली, ती ४ सेंमी करायची.

१४ फेब्रुवारी

टॅब तुटला. ॲनोडचा वरचा कान, त्याला रिव्हेटने तांब्याची वायर, वर इपॉक्सी. पाण्याच्या पातळीवर बरोबर रेघ मारल्यासारखा खाल्ला गेला. कारणं दोन दिसतात. पाण्याच्या रेषेवर पत्रा तसाही जास्त झिजतो. शिवाय इपॉक्सीच्या कडेतून पाणी आत शिरलं, तिथे तांबं आणि मॅग्नेशियम एकमेकांना चिकटून, मग काय, आत हायड्रोजन तयार होऊन त्याने इपॉक्सीच उचलली. इपॉक्सीखाली फुगवटा दिसला की समजा गेम संपला.

आता केलंय ते असं: कान प्लेटपेक्षा रुंद ठेवला (आधी अरुंद होता, वायरला सोयीचा म्हणून), सगळ्या जोडण्या पाण्याच्या वर एका वेगळ्या बंद कप्प्यात, आणि पाण्यात शिरताना ३ सेंमी लांबीचा भाग खरबरीत घासून लगेच इपॉक्सी, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी). घासणं आणि इपॉक्सी यात वेळ जाऊ देऊ नका, ताजा पृष्ठभाग पाहिजे.

२० फेब्रुवारी

तीन सेल सिरीजमध्ये, एका टाकीत बुडवलेले. लोड २०० मिलिअँप, पण टोकाच्या सेलच्या ॲनोडच्या कडा चावल्यासारख्या झिजल्या आणि वजनाचा हिशोब काही केल्या जुळेना.

तीनही सेल एकाच पाण्यात आहेत म्हणजे पाण्यातूनच एकमेकांना जोडलेले आहेत. माझ्या सेलला पाणी आत यायला आणि बाहेर जायला ३ मिमीची भोकं, भिंत ४ मिमी. अशा एका भोकाचा रेझिस्टन्स काढला तर जेमतेम १०७ ओहम येतो. शेजारच्या दोन सेलमध्ये १.३ व्होल्टचा फरक, मध्ये दोन भोकं, म्हणजे ६ मिलिअँप चोरी, आणि भोकं वर पण आहेत आणि खाली पण, म्हणजे १२. टोकाच्या दोन सेलमधली गळती वेगळीच. डोळ्याला काही दिसत नाही, दिव्याला काही कळत नाही, ॲनोड मात्र जातो.

भोकाऐवजी ३ मिमी आतल्या व्यासाची ६ सेंमी नळी लावली की तोच आकडा १६०० ओहम होतो आणि चोरी अर्ध्या मिलिअँपच्या खाली येते. लांबी वाढवणं फुकट आहे, तेवढी वाढवा.

२१ फेब्रुवारी

फुकट काहीच नसतं. वरच्या नळीत एक बुडबुडा अडकला, मागे गॅस साचला, त्याने सेलमधलं पाणी खालच्या नळीतून बाहेर ढकललं आणि अर्धी प्लेट कोरडी. दुसऱ्या सेलमध्ये नळी गाळाने बंद.

शेवटी वर आणि खाली वेगळं केलं. खालून पाणी आत येणारी नळी ३ मिमी, पण गाळाच्या वरच्या बाजूला बसवली, तळाला नाही. वर गॅस आणि पाणी बाहेर जाणारी नळी ६ मिमी व्यासाची आणि १२ सेंमी लांब, सतत चढती, कुठेही खाली वाकू न देता. तिचा रेझिस्टन्स ८०० ओहम, चोरी चालण्याजोगी. वर जाणारे बुडबुडे पाणी पण सोबत ओढतात, त्यामुळे खालून ताजं पाणी येत राहतं, म्हणजे ज्या हायड्रोजनला शिव्या घालत होतो तोच पंपाचं काम करतोय.

हायड्रोजनचं एक गंभीरपणे: आठ तासांत तीन सेल मिळून पावणेदोन लिटरच्या आसपास गॅस निघतो. हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. झाकण लावलेल्या डब्यात टेस्ट करू नका आणि बाजूला ठिणगी उडवणारं काही ठेवू नका.

२ मार्च

थंड पाण्यात, ५ अंशाला. पाण्याची कंडक्टिव्हिटी २५ अंशाला मीटरला ५.३ सीमेन्सच्या आसपास असते ती इथे ३.३ च्या जवळ. दिवा पेटायला दीड-दोन मिनिटं लागली, मग सेल स्वतःच थोडे गरम होतात (फुकट गंजण्यातून उष्णताच निघते) आणि व्होल्टेज सावरतं. अर्ध्या तासाने साध्या तापमानापेक्षा तीन सेल मिळून ०.२ व्होल्ट कमी. चालेल.

खाडीच्या मचूळ पाण्याचं मात्र चालणार नाही, खारटपणा निम्म्यावर आला की कंडक्टिव्हिटी पण जवळपास निम्मी होते आणि सुरुवात फारच रेंगाळते.

७ मार्च

महिनाभर कपाटात ठेवलेला एक जोडलेला सेल उघडला. कॅथोड हिरवा, ॲनोडवर पांढरी पिठूळ बुरशी. झिप पिशवीत सिलिका जेल घालून ठेवला होता, ते पुरत नाही. ओलावा आत गेला की ही बॅटरी पाण्याची वाट न बघता हळूहळू चालू होते. आता नळ्यांच्या तोंडाला मेण आणि वर ॲल्युमिनियम फॉइलवाली हीट-सील पिशवी, जेल आत. मेणाऐवजी पाण्यात विरघळणारी टोपी लावून बघायची आहे, नाहीतर वापरणाऱ्याला मेण उकरावं लागेल, बुडणाऱ्या माणसाला ते कसं सांगणार.

१२ मार्च

पूर्ण रन. तीन सेल, एझेड६१, ४ बाय ५, पिकल केलेले, ४ मिमी अंतर, नवीन नळ्या, इलेक्ट्रॉनिक लोडवर पक्का २०० मिलिअँप, समुद्राचं पाणी २५ अंश.

सुरुवातीची दोन-तीन मिनिटं सोडली तर ३.८४ व्होल्टवर स्थिर. चौथ्या तासाला ३.७५. आठव्या तासाला ३.६१. साडेनऊ तासांनंतर मधला सेल पडला, तो पण कॅथोडमुळे, ॲनोडमुळे नाही.

ही साडेनऊ तासांची रन. आठ तासांवर वजनं बघायला दुसरा संच बरोबर आठला थांबवला: ॲनोड १.३१, १.३६ आणि १.३३ ग्रॅमने घटले, मधल्याचं सगळ्यात जास्त. हवं होतं ०.७३, म्हणजे कार्यक्षमता ५४ ते ५६ टक्के. नुसत्या ॲनोडच्या टेस्टमध्ये ६० होती, उरलेले चार-सहा टक्के तांब्याचे ठिपके आणि पाण्यातली चोरी खाते असं धरतो. दीड मिमीचा पत्रा ५.४ ग्रॅमचा होता, ४ ग्रॅम शिल्लक राहिला, म्हणजे १ मिमी पण पुरला असता, पण मण्यांच्या भोवती खड्डे खोल पडतात आणि १ मिमीला तिथे आरपार भोक पडण्याची भीती आहे. सव्वा मिमी मिळाला तर घेईन.

खर्चाचं: सगळ्यात जास्त पैसे क्युप्रस क्लोराइडवर गेले, त्याखालोखाल हीट-सील पिशव्या आणि इपॉक्सी. मॅग्नेशियम या यादीत खूप खाली आहे. वेळेचं उलटं, सगळ्यात जास्त मॅग्नेशियमने खाल्ला.

वापरलेलं पाणी नाल्यात ओतू नका, त्यात विरघळलेलं तांबं आहे आणि माशांना ते फार कमी प्रमाणात पण भोवतं. मी गाळासकट बादलीत जमा करतोय, त्यात उरलेले मॅग्नेशियमचे तुकडे टाकले की तांबं त्यांच्यावर बसतं आणि पाणी बरंचसं साफ होतं. बादलीला झाकण लावू नका, तिथेही हायड्रोजन निघतोच. नंतर गाळ गाळून, वाळवून, रासायनिक कचऱ्यात.

पुढच्या वेळी बदलायचं: कॅथोड ९ ऐवजी १० ग्रॅम, पिशवीची शिवण ॲनोडच्या विरुद्ध बाजूला, आणि विरघळणारी टोपी.